विजेचा हिशेब शिकायला जर्मनीला!

गोव्याच्या माणसाने परदेशी जाणाऱ्यांना नावे ठेवू नयेत, हे मला कळते. आमच्या वाड्यावाड्यांतून माणसे आफ्रिकेत गेली, आखातात गेली, बोटीवर गेली आणि आता पोर्तुगीज पासपोर्ट काढून युरोपात जात आहेत. पोटासाठी जाणाऱ्याला अडवणारा मी कोण? तेव्हा वाचकांनी सुरुवातीलाच समजून घ्यावे, की हा लेख 'मुलांनो, परदेशी जाऊ नका' असे सांगणारा नाही. तसले लेख लिहिणाऱ्यांची स्वतःची मुले बहुधा न्यू जर्सीत असतात.

माझे भांडण वेगळे आहे. आपल्या गावात वीज कुठून येते, कितीला येते, तिचे पैसे कोण भरतो आणि कोणाच्या नावावर भरतो, हा हिशेब शिकण्याची सोय आपल्या जिल्ह्यात नाही. तो शिकायला मुलाला बर्लिनला किंवा कोलोनला जावे लागते, आणि तिथे जाऊन तो शिकतो तो जर्मनीच्या विजेचा हिशेब! याला मी लाज म्हणतो. ही लाज त्या मुलाची नाही. ती आपली आहे, आणि त्यातही माझ्यासारख्या सरकारी खुर्चीत बसणाऱ्यांची जास्त.

विषय निघाला तो हातोदला. हातोद म्हणजे इंदूरच्या वायव्येला, विमानतळाच्या पलीकडचे तहसिलीचे गाव. माझी थोरली बहीण तिथे दिली आहे. सासरची मंडळी पिढ्यान् पिढ्या माळव्यात. घरात मराठी बोलतात, पण वाक्याच्या शेवटी कधी 'भिया' येईल सांगता येत नाही. थोडी शेती आहे, गहू, सोयाबीन आणि लसूण. माझा भाचा इंदूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या डोक्यात सध्या एकच गोष्ट, ती म्हणजे जर्मनीतल्या एखाद्या ऊर्जा-अर्थशास्त्राच्या सल्लागार कंपनीत इंटर्नशिप.

"मामा, तिथे मॉडेलिंग शिकायला मिळतं," तो म्हणाला. "उद्या दुपारी दोन वाजता विजेचा भाव काय असेल, ते आज काढायचं."

"आणि उद्या दुपारी दोन वाजता हातोदच्या शेतावर वीज असेल का, ते कोण काढतं?" मी विचारले.

तो हसला. "ते लाईनमनला विचारायचं."

आता या विषयातले मला काय कळते, असे तुम्ही विचाराल. मी बी.ए. झालेला कारकून. पण भाच्याने दोन रात्री बसून मला समजावले आणि मग मीही थोडे वाचले, ते माझ्या भाषेत सांगतो.

वीज ही दुधापेक्षा नाशिवंत. दूध निदान रात्रभर टिकते, वीज मोठ्या प्रमाणावर साठवणे अजूनही महागात पडते. म्हणून उद्याच्या विजेचा लिलाव आज होतो. सगळ्यात स्वस्त वीज आधी विकली जाते, मग तिच्याहून महाग, मग आणखी महाग, आणि गरज भागवायला जी शेवटची वीज घ्यावी लागते तिचा भाव सगळ्यांना मिळतो. ऊन आणि वारा भरपूर असला की भाव कोसळतो. जर्मनीत २०२४ साली ४५७ तास असे होते की घाऊक बाजारातला भाव शून्याच्याही खाली गेला. म्हणजे वीज घ्या आणि वर पैसेही घ्या! २००० साली त्यांनी अक्षय ऊर्जेचा कायदा केला, एप्रिल २०२३ मध्ये शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, त्याआधी २०२२ मध्ये रशियाचा गॅस आटला. अशा उलथापालथीत नगरपालिकांच्या वीज कंपन्या, बँका, मंत्रालये सगळ्यांनाच एक प्रश्न पडतो: पुढच्या वीस वर्षांत विजेचा भाव काय राहील? या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत मांडून देणाऱ्या कंपन्या म्हणजे या सल्लागार कंपन्या. तिथे शिकाऊ मुलगा काय करतो? आकडे गोळा करतो, साफ करतो, कॉम्प्युटरवर मॉडेल चालवतो, आलेख काढतो आणि अहवालाची दोन पाने लिहितो. काम किचकट आहे, पण खरे आहे. मुलाला तिथे जावेसे वाटते यात गैर काहीच नाही.

शिवाय तिथे शिकाऊ माणसाला कायदा आहे. पूर्वी तिथेही बोंब होती. पदवी घेतलेली मुले फुकटात वा चार पैशांत एका इंटर्नशिपमधून दुसऱ्या इंटर्नशिपमध्ये ढकलली जात. अशा पिढीला 'प्राक्टिकुम पिढी' असे नाव पडले, आणि २००६ मध्ये वर्षाचा शब्द निवडताना त्या शब्दाला दुसरा क्रमांक मिळाला. पुढे २०१५ पासून तासाला साडेआठ युरो असे किमान वेतन लागू झाले. ते वाढत वाढत २०२५ मध्ये १२.८२ युरोंवर आले. अभ्यासक्रमातली सक्तीची इंटर्नशिप आणि तीन महिन्यांपर्यंतची ऐच्छिक इंटर्नशिप यांना त्यातून सूट आहे, ही पळवाट खरीच. पण निदान कुठे पैसे द्यावे लागतात आणि कुठे नाही, हे कायद्यात लिहिलेले आहे. ते लिहिले गेले कारण मुलांनी आणि संघटनांनी आरडाओरडा केला. आपल्याकडे आरडाओरडा कोण करणार? आपल्या मुलाला 'अनुभव' मिळतो आहे म्हणून बाप उलट पेढे वाटतो.

आणि बापाच्या या भाबडेपणावर दुकाने चालतात! इंदूरला क्लासेसच्या बोळांतून फिरा, पणजी-मडगावला फिरा, पुण्यात तर विचारूच नका. 'जर्मनीत खात्रीची इंटर्नशिप' अशा पाट्या दिसतील. एका दुकानदाराने माझ्या बहिणीकडे नुसत्या 'प्रोफाइल बिल्डिंग'चे जे पैसे मागितले, त्यात हातोदच्या विहिरीवर नवा पंप बसला असता. वस्तुस्थिती काय आहे? जर्मनीच्या डी.ए.ए.डी. या संस्थेने भारतातल्या काही निवडक संस्थांच्या मुलांना उन्हाळ्यात संशोधनासाठी नेले आहे, पण ते विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत, खासगी सल्लागारांकडे नव्हे. सल्लागार कंपन्या बहुतेक वेळा तिथेच शिकणारी, जर्मन बोलणारी मुले घेतात. भारतात शिकणाऱ्या मुलाला जायचे तर तिथल्या रोजगार खात्याची संमती लागते. याची 'खात्री' इंदूरच्या चौकात बसून कोण देणार? म्हणून बरीच मुले सरळ एम.एस.ला जातात. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत ४९ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते, परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत जास्त. जाण्याआधी बंद खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. हातोदच्या शेतकऱ्याने ते कुठून दाखवायचे? शेत दाखवून, म्हणजे गहाण टाकून.

इथपर्यंत कोणी म्हणेल, कारकून रडगाणे गातो आहे. मग आता ऐका, खरी गोष्ट पुढे आहे.

भाचा जे शिकायला जाणार, ते आपल्याकडे नाही काय? भारतात विजेचा बाजार जून २००८ पासून आहे. आदल्या दिवशीच्या लिलावात पाव-पाव तासाचा भाव निघणे आपल्याकडे २०१२ मध्ये सुरू झाले, युरोपच्या तशा लिलावात ते आले ऑक्टोबर २०२५ मध्ये. होय, उलटे वाचलेले नाही! २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे दरवाढीचा अर्ज जाहीर करावा लागतो, लोकांच्या हरकती घ्याव्या लागतात, आणि मग आयोगाने आदेश द्यायचा असतो. मध्य प्रदेशचा आयोग भोपाळला बसतो, महाराष्ट्राचा मुंबईला, आमच्या गोव्याचा केंद्रशासित प्रदेशांबरोबरचा संयुक्त आयोग आहे. त्यांच्या आदेशांत सगळे छापलेले असते. वीज कुठल्या केंद्राकडून कितीला घेतली, गळती किती, अनुदान किती, सगळे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा.

पण कळसा काखेत असून उपयोग नाही, तो उघडून दाखवणारा कोणी हवा. आदेशाची ती शेकडो पाने विसाव्या वर्षी एकट्याने वाचून कळत नाहीत. शेजारी बसून 'हा आकडा कुठून आला' हे सांगणारा अनुभवी माणूस लागतो. जर्मनीतल्या त्या कंपनीत मुलाला नेमका तोच मिळतो. आपल्याकडे तो माणूस वीज कंपनीच्या कार्यालयात बसलेला आहे, पण त्याच्या दारावर शिपाई आहे.

हातोदचेच उदाहरण घ्या. मध्य प्रदेशात शेतीला दिवसाला दहा तास वीज देण्याचे धोरण आहे. पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. डिसेंबरच्या थंडीत माझे भावोजी, वय वर्षे अठ्ठावन्न, मफलर गुंडाळून, हातात बॅटरी घेऊन मध्यरात्री गव्हाला पाणी द्यायला जातात. साप-विंचवाचे भय वेगळे. आणि त्याच दिवशी दुपारी माळव्यावर असे ऊन पडलेले असते की डोळे दिपावेत. तिकडे जर्मनीत दुपारची वीज नको म्हणून वर पैसे देतात, इकडे माझे भावोजी वीज मिळावी म्हणून झोप देतात. हातोदच्या एका शेती फीडरला दुपारची वीज द्यायची तर किती खर्च येईल, किती वाचेल, सौर पॅनेल गावाजवळच बसवले तर तारांतली गळती किती कमी होईल? हे गणित म्हणजे ऊर्जा-अर्थशास्त्र नव्हे काय? केंद्राची कुसुम योजना २०१९ पासून आहे. महाराष्ट्राने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्याही आधी, २०१७ मध्ये आणली. म्हणजे उत्तर कोणत्या दिशेला आहे ते सरकारलाही माहीत आहे. गावागावाचा हिशेब मांडणारे हात कमी आहेत.

आणखी एक मजा. शेतीच्या पंपांना मीटर नसेल तर वीज किती लागली हे कसे ठरते? अंदाजाने! पंपाच्या हॉर्सपॉवरवरून ठोकताळा. आता जिथे मोजमापच नाही, तिथे गळती आणि चोरी कोणाच्या नावावर टाकायची हे सांगायला ज्योतिषी नको. शेतकऱ्याच्या! 'शेतकरी फुकट वीज खातो' असे शहरातला माणूस छातीठोकपणे म्हणतो, ते याच अंदाजाच्या जोरावर. दोन मुलांना उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत एका फीडरवर बसवा, किती वीज गेली आणि किती पंपांपर्यंत पोचली ते मोजू द्या. जो आकडा निघेल तो बर्लिनच्या कुठल्याही मॉडेलपेक्षा आपल्या कामाचा असेल.

शहराचे उदाहरण हवे? इंदूर शहर नर्मदेचे पाणी पिते. जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर, विंध्याचा चढ चढवून ते आणतात. पंपांचे विजेचे बिल महिन्याला पंचवीस कोटींच्या घरात गेले. म्हणून इंदूर महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये लोकांकडून २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे विकून पैसे उभे केले, जलूदजवळ ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प करायला. व्याज ८.२५ टक्के. उत्तम कल्पना! आता माझ्यासारख्याने पाचवीच्या अंकगणिताने हिशेब केला. सौर पॅनेल वर्षाच्या सरासरीने आपल्या ताकदीच्या पाचव्या हिश्शाइतके चालते असे धरले, तर साठ मेगावॉटमधून वर्षाला साधारण दहा कोटी युनिट निघतील. २४४ कोटींवर वर्षाचे व्याज वीस कोटी. म्हणजे मुद्दल, देखभाल बाजूला ठेवून नुसते व्याजच युनिटमागे दोन रुपये. हे महाग की स्वस्त? पंप रात्री चालतात त्यांचे काय? दुपारची वीज ग्रीडला देऊन रात्री परत घ्यायची तर त्याचा मोबदला किती? हे प्रश्न विचारायला इंदूरच्या किती कॉलेजांतली किती मुले महापालिकेत नेऊन बसवली? रोखे घेणाऱ्यांत सामान्य माणसेही असू शकत होती. त्यांच्या पैशाचा हिशेब त्यांच्याच मुलांनी शिकला असता तर काय बिघडले असते?

आता जर्मनीकडून काय शिकायचे, ते सांगतो. मॉडेल नंतर शिका. तिथली ही विद्या कुठून उगवली ते आधी बघा. १९७५ मध्ये नैऋत्य जर्मनीत व्हील नावाच्या गावी अणुऊर्जा केंद्र होणार होते. द्राक्षे पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी ती जागा अडवली. सरकारचे तज्ज्ञ म्हणत, तुम्हाला यातले काय कळते? तेव्हा आंदोलनातल्या लोकांना उमगले की आपल्याला आपले तज्ज्ञ हवेत. त्यातून १९७७ मध्ये फ्रायबुर्गला ओको-इन्स्टिट्यूट उभी राहिली. 'एनर्गीवेंडे', म्हणजे ऊर्जेचे वळण, हा शब्द आज जगभर फिरतो, तो तिच्याच १९८० च्या पुस्तकाने चालवला. आज हीच संस्था सरकारलाही सल्ला देते. म्हणजे द्राक्षाच्या मळ्यातून हिशेब सुरू झाला आणि मंत्रालयापर्यंत गेला. आमची मुले तो हिशेब शिकायला निघाली आहेत शेवटच्या मजल्यावर, लिफ्टने!

आणि आपल्याकडे असे घडलेच नाही असे समजू नका. आमच्या कोकणातच घडले. गुहागर तालुक्यात दाभोळचा एन्रॉन प्रकल्प आठवतो ना? डिसेंबर १९९३ मध्ये महाराष्ट्राच्या वीज मंडळाने करार केला. जागतिक बँकेने त्याच वर्षी सांगितले होते की ही वीज परवडणारी नाही. मंत्री म्हणाले परवडते, कंपनी म्हणाली परवडते. तेव्हा पुण्यातल्या 'प्रयास' गटातले गिरीश संत, शंतनू दीक्षित, सुबोध वागळे कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि १९९५ मध्ये त्यांनी त्या कराराचा ताळेबंद लोकांसमोर मांडला. परदेशी सल्लागारांच्या फौजेसमोर ही मूठभर माणसे! त्याच वर्षी करार रद्द झाला, १९९६ मध्ये पुन्हा जिवंत झाला, मे १९९९ मध्ये वीज सुरू झाली, दर कधी कधी युनिटला सात रुपयांवर गेला, मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला आणि डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉन स्वतःच दिवाळखोर झाली. हिशेब कोणाचा खरा ठरला, ते सांगायला नको. गिरीश संत २०१२ मध्ये गेले. त्यांच्यासारखी माणसे आपण नंतर किती तयार केली? दर जिल्ह्याला एक? दर राज्याला एक?

गोव्याच्या वाचकांना वाटेल, हा माळव्याचा आणि महाराष्ट्राचा विषय. तर मंडळी, आपल्या घरातला दिवा लागतो तो बहुतांशी बाहेरच्या विजेवर. त्यातला काही हिस्सा मध्य प्रदेशातल्या विंध्याचल केंद्राचा, म्हणजे सिंगरौलीच्या कोळशाचा. २०२० मध्ये मोलेच्या जंगलातून तमनारची वीजवाहिनी नेण्यावरून आपल्याकडे केवढे रान उठले! कॉलेजातली मुले रस्त्यावर आली, चित्रे काढली, पत्रे लिहिली, रात्र रात्र जागली. मला त्यांचा अभिमान वाटतो. पण त्या मुलांनी जेव्हा विचारले की गोव्याला एवढी वीज खरोखर लागणार आहे का, तेव्हा त्यांना हातभर पुरावा शोधावा लागला आणि खात्यातल्या माणसांनी मात्र 'विकास' हा एकच शब्द पुरवला. पुढे एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने सांगितले की जंगलातून नवा पट्टा कापू नका, असलेल्या २२० केव्ही वाहिनीच्याच पट्ट्यातून न्या. हा पर्याय आधी कोणी मांडायला हवा होता? आपल्याच वीज खात्यात त्या मुलांपैकी चौघांना दोन महिने बसायला जागा मिळाली असती, तर कदाचित न्यायालयापर्यंत जाण्याआधीच तो नकाशा टेबलावर आला असता.

आता माझ्या खुर्चीबद्दल. मी वीज खात्यात नाही, पण सरकारी कचेऱ्या एकाच कारखान्यात बनतात. दर मे महिन्यात कॉलेजचे पत्र घेऊन मुले येतात. पत्राची आवक नोंद होते, फाईल वर जाते, शेरा घेऊन खाली येते, तोवर सुट्टी संपते. ज्याच्या काकाची साहेबांशी ओळख, त्याला स्टूल मिळते. मग त्याने झेरॉक्स काढायच्या, चहा कोणाला साखरेचा आणि कोणाला बिनसाखरेचा हे लक्षात ठेवायचे. शेवटी 'समाधानकारक' असे प्रमाणपत्र. त्याचा मसुदा कॉम्प्युटरवर कायमचा साठवलेला असतो, नाव तेवढे बदलायचे. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर इंटर्नशिप अभ्यासक्रमात आली, गुण आले, आणि या प्रमाणपत्रांना बाजारभाव आला. मुलगा घरी बसतो, कागद हिंडतो.

साहेब लोकांच्या तीन हरकती मला तोंडपाठ आहेत. पहिली, कागद गोपनीय असतात. अहो, जो कागद माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर कुठल्याही वाटसरूला द्यावा लागतो, तो विद्यार्थ्याला दाखवला तर आभाळ कोसळणार आहे काय? दुसरी, विजेचे काम जोखमीचे. मुलाला खांबावर कोण चढवतो आहे? त्याला वही द्या! तिसरी, पैसे नाहीत. हे मात्र ऐकवत नाही. केंद्राने २०२४ मध्ये पंतप्रधान इंटर्नशिप योजना काढली, महिना पाच हजार रुपये. पण ती बड्या कंपन्यांसाठी, आणि पूर्णवेळ शिकणारी मुले त्यातून वगळलेली. महाराष्ट्राने त्याच वर्षी पदवीधर प्रशिक्षणार्थ्याला महिना दहा हजार दिले. म्हणजे पैसे आहेत. सल्लागार नेमायला तर आहेतच. त्याच २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल माणसे पाठवण्याचा करार केला. इलेक्ट्रिशियन, परिचारिका, वाहनचालक, सगळे. आपली माणसे त्यांना पाठवायला करार होतो, आपल्या मुलाला आपल्या तहसिलीच्या वीज कार्यालयात बसवायला साधे परिपत्रक निघत नाही!

धुळे जिल्ह्यात साक्रीला महानिर्मितीने २०१३ मध्ये १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा केला, तो जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जावर. कर्ज घेण्यात कमीपणा नाही. पण कर्ज देणारा आपला हिशेब नीट तपासून घेतो, त्याच्याकडे तपासणारी माणसे असतात. घेणाऱ्याकडे कोण असते? ज्याच्याकडे हिशेब करणारा नसतो, त्याला दुसऱ्याने केलेला हिशेब मान्य करावा लागतो. घरात, गावात, देशात, सगळीकडे हाच नियम.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक वीज वितरण कंपनीच्या प्रत्येक विभागाने, प्रत्येक महापालिकेने आणि प्रत्येक आयोगाने दर उन्हाळ्यात चार विद्यार्थी घ्यावेत. ओळखीने नव्हे, जाहिरात देऊन. त्यांना महिना दहा हजार द्यावेत, एक अनुभवी माणूस नेमून द्यावा आणि एकच काम द्यावे: एका फीडरचा, एका पंपघराचा, एका कराराचा हिशेब. तो हिशेब त्यांच्या नावाने जाहीर करावा, साहेबांना आवडो वा न आवडो. मुलींना आधी घ्या, कारण घराचे बिल कुठे फुगते हे त्यांना आईकडून कळलेले असते. आणि अभियांत्रिकीचीच मुले कशाला? अर्थशास्त्राची घ्या, भूगोलाची घ्या, माझ्यासारखी मराठी घेऊन बी.ए. करणारीही घ्या, निदान अहवाल वाचता येईल असा लिहितील.

भाच्याला मी एवढेच सांगितले, की जा, जरूर जा, जर्मन भाषाही शीक, पण दुकानदाराला एक रुपया देऊ नकोस. आणि जाण्याआधी हातोदच्या एका फीडरचा वर्षाचा हिशेब वहीत मांडून ने. तिथे मुलाखतीत 'तुला काय येते' असे विचारतील, तेव्हा सांगायला काहीतरी आपले असेल. त्याने अर्ज केला आहे. जर्मनीतल्या तीन कंपन्यांना, आणि माझ्या आग्रहावरून इंदूरच्या एका वीज कार्यालयालाही.

जर्मनीहून दोघांनी आठवड्यात नकार कळवला, तिसऱ्याने आणखी माहिती मागवली. आपल्या कार्यालयाकडे अर्ज जाऊन आता तीन महिने झाले. नकारसुद्धा आलेला नाही. अर्जाचा आवक क्रमांक माझ्याकडे आहे, आणि माहितीच्या अधिकाराचे दहा रुपयेही.